सुवर्णदुर्ग आणि वीस शिलिंग

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं हर्णे बंदर पाहिलें असेल त्यांना किनाऱ्यासमोर पाण्यांत उभा असलेला सुवर्णदुर्ग आठवेल. 1755 च्या एप्रिलांत या तटावर कमोडोर जेम्स यानें तोफा डागल्या. जहाजें मुंबईकर इंग्रजांचीं; त्यांच्याशीं करार पेशव्यांचे कोंकणचे सुभेदार रामाजी महादेव यांचा; आणि किल्ला मराठ्यांचाच, तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यांतला. पुढच्या वर्षीं विजयदुर्गाखालीं आंग्र्यांचें आरमार जळालें.

नानासाहेबांना दोष देऊन आपण मोकळे होतों. तुळाजीचा उद्दामपणाही कांहीं थोडा नव्हता. मला मात्र निराळाच प्रश्न पडतो. हा करार करण्यापूर्वीं पेशव्यांना कोणाला विचारणें भाग होतें? शाहू महाराज 1749 मध्यें वारले. 1750 च्या सांगोल्याच्या करारानंतर कारभाराचीं सूत्रें पुण्यास आलीं. अष्टप्रधान नांवापुरते उरले. सरदार सल्ला देत, रुसत, प्रसंगीं लढतही. परंतु ज्याच्या संमतीवांचून खजिन्यांतला पैसा हलूं नये असें मंडळ आपल्याकडे नव्हतें.

इंग्लंडांत सव्वाशें वर्षें आधीं हा प्रश्न आरमारावरूनच निघाला होता. चार्ल्स राजानें 1629 पासून पार्लमेंट बोलावलें नाहीं. संकटकाळीं बंदरांकडून जहाजें मागण्याचा राजाचा जुना हक्क होता. त्याच्या आधारें त्यानें 1634 मध्यें जहाजपट्टी बसविली आणि दुसऱ्या वर्षीं ती समुद्रापासून दूरच्या परगण्यांवरही लादली. त्यांतल्या बकिंगहॅमशायरचा जमीनदार जॉन हॅम्पडेन यानें आपल्या एका जमिनीवरील वीस शिलिंग देण्याचें नाकारलें. तो सधन होता. वीस शिलिंगांनीं त्याचें कांहीं अडत नव्हतें. आरमाराची गरजही खोटी नव्हती. चाच्यांचा उपद्रव खराच होता. पण संकट आहे कीं नाहीं हें एकट्या राजानें ठरवावयाचें आणि त्या निमित्तानें करही त्यानेंच घ्यावयाचा, याला हॅम्पडेनची हरकत होती. 1638 मध्यें बारा न्यायाधीशांपैकीं सात राजाच्या बाजूनें गेले. म्हणजे हॅम्पडेन हरला! तरी पांच न्यायाधीश उलट गेले याचा परिणाम व्हावयाचा तो झालाच, आणि पट्टीची वसुली ढासळली. 1641 मध्यें पार्लमेंटनें ती बेकायदा ठरविली. पार्लमेंटच्या संमतीवांचून कर नाहीं आणि शांततेच्या काळांत खडें सैन्यही नाहीं, हें 1689 मध्यें लेखी झालें.

कायद्याच्या आधारावांचून कर नाहीं, असें आपल्या राज्यघटनेचें 265 वें कलम सांगतें. तें त्या वीस शिलिंगांचेंच व्याज होय. पण संकटकाळासाठीं ठेवलेला एक दरवाजा आपल्याकडेही आहे, तो वटहुकुमाचा. बिहारांत 1967 ते 1981 या काळांत 256 वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवण्यांत आले; एक तर जवळजवळ चौदा वर्षें. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेंतील डॉ. डी. सी. वाधवा यांनीं हें शोधून काढलें, आणि 1986 च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तें घटनेशीं केलेलें कपट ठरविलें. चार्ल्सनें निदान पार्लमेंट बोलावलेंच नव्हतें. बिहारांत विधानसभा भरत होती, आणि तिचें अधिवेशन संपलें कीं तेच वटहुकूम पुन्हा निघत होते.