पौंड तळाला लागला तो बुधवार

ब्रिटनच्या सार्वभौमत्वाचा विषय निघाला की मास्ट्रिख्तचा तह, ब्रसेल्सचे नोकरशहा, संसदेचे अधिकार अशा भारदस्त गोष्टी सुरू होतात. १६ सप्टेंबर १९९२ च्या बुधवारी हा सगळा वाद एका आकड्यावर येऊन थांबला होता: एका पौंडाला २.७७८० जर्मन मार्क. भाव याखाली जाऊ देणार नाही, असा शब्द ब्रिटनने युरोपला दिला होता.

मंगळवार, १५ सप्टेंबर, संध्याकाळ

लंडनचा बाजार बंद होताना पौंड या तळाला जवळजवळ टेकलाच होता.

हा तळ आला कुठून? ऑक्टोबर १९९० मध्ये ब्रिटन युरोपच्या विनिमय दर यंत्रणेत, म्हणजे ईआरएममध्ये, सामील झाले. मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या, जॉन मेजर अर्थमंत्री. मधला दर २.९५ मार्क ठरला आणि त्याच्या वर किंवा खाली सहा टक्क्यांपर्यंत हलायची मुभा मिळाली. शुक्रवारी घोषणा झाली, सोमवारपासून अंमल सुरू झाला. संसदेला सुट्टी होती.

ही यंत्रणा कोणत्याही मोठ्या तहातून जन्मलेली नव्हती. युरोपीय नेत्यांचा १९७८ चा ठराव आणि मध्यवर्ती बँकांचा १९७९ चा आपसातला करार, एवढाच तिचा पाया. युरोपीय देशांच्या मास्ट्रिख्तच्या तहाने तिला एकाच चलनाकडे नेणारी पायरी केले. फेब्रुवारी १९९२ मध्ये सही झालेल्या त्या तहाच्या वाटाघाटींत मेजर यांनी, आता पंतप्रधान म्हणून, एकाच चलनापासून बाजूला राहण्याची सवलत मिळवली होती. कागदोपत्री ब्रिटनचे सार्वभौमत्व चोख राखले गेले होते. ज्या तहाची सगळ्यांना धास्ती होती त्यातून सुटायची वाट होती. जो शब्द एका शुक्रवारी सहज देऊन टाकला होता, त्यातून मात्र अब्रू राखून सुटायची वाट कोणी आखून ठेवली नव्हती.

त्यात त्या तहाचेच भवितव्य टांगणीला लागलेले. जूनमध्ये डेन्मार्कच्या मतदारांनी तो निसटत्या मतांनी फेटाळला होता. येत्या रविवारी फ्रान्सचे सार्वमत होते. फ्रान्सही नाही म्हणाला तर एकाच चलनाचा सगळा मनसुबा कोलमडेल, मग आजचे दर टिकवायचे तरी कोणासाठी, असा बाजाराचा हिशेब. आदल्या रविवारी इटलीच्या लिराचे सात टक्के अवमूल्यन झालेच होते.

मंगळवार, रात्र

जर्मनीची मध्यवर्ती बँक बुंडेसबँक. तिचे अध्यक्ष हेल्मुट श्लेसिंगर यांच्या मुलाखतीतला मजकूर वृत्तसंस्थांवर झळकला. लिराच्या अवमूल्यनाने सगळे भागलेले नाही, आणखी एखाददुसरे चलन दबावाखाली येऊ शकते, असा त्याचा रोख. नाव घेतले नव्हते, घ्यायची गरजही नव्हती. लंडनहून फोन गेला. मजकूर आपण अजून तपासून दिलेला नाही, सकाळी कचेरीत गेल्यावर बघतो, असे श्लेसिंगर यांचे उत्तर आले. बाजार सकाळपर्यंत थांबणारा नव्हता.

श्लेसिंगर यांच्यावर ब्रिटिशांचा राग पुढे अनेक वर्षे टिकला, पण त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. जर्मनीच्या एकीकरणाचा खर्च प्रचंड होता, महागाई वाढत होती आणि बुंडेसबँकेला कायद्याने नेमून दिलेले काम मार्काची किंमत टिकवणे हे होते. म्हणून तिथे व्याज चढे. ब्रिटनमध्ये मंदी, बेकारी, घरांचे भाव कोसळलेले. त्याला स्वस्त व्याज हवे होते, पण मार्काशी बांधलेल्या पौंडाला जर्मनीपेक्षा कमी व्याज परवडत नव्हते. ५ सप्टेंबरला बाथ शहरातल्या बैठकीत ब्रिटिश अर्थमंत्री नॉर्मन लॅमॉन्ट यांनी श्लेसिंगर यांना व्याज कमी करा म्हणून इतके टोचले, की ते उठून जायच्या बेतात होते.

या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा कागद १९७८ चा आहे. दुबळ्या चलनांच्या बचावासाठी अमर्याद मार्क ओतायची पाळी आली आणि त्याने जर्मनीतली किंमतस्थिरता धोक्यात आली, तर त्या बंधनातून आपल्याला मोकळीक असेल, असे बुंडेसबँकेचे त्या वेळचे प्रमुख ओटमार एमिंगर यांनी पत्र लिहून आपल्या सरकारकडून कबूल करून घेतले होते. यंत्रणा सुरू होण्याआधीच जर्मनांनी आपली मागची दारे तपासून ठेवली होती. ब्रिटिश भाषणे करत राहिले.

न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज सोरोस यांच्या फंडाने पौंडाविरुद्धचा डाव वाढवत जवळपास १० अब्ज डॉलरवर नेला. स्टॅनली ड्रकनमिलर हे त्यांचे सहकारी डाव मांडत होते. खात्री आहे तर रक्कम एवढी थोडी का, असा सोरोस यांचा सवाल होता.

बुधवार, सकाळी ९ च्या आत

बँक ऑफ इंग्लंड बाजारात उतरली. नियमच तसा होता: भाव तळाला टेकला की जो कोणी पौंड विकायला येईल त्याचा पौंड ठरल्या भावाने घ्यायचा, कितीही आला तरी. मंदीवाल्यांना, म्हणजे भाव पडण्यावर डाव लावणाऱ्यांना, याहून चांगले गिऱ्हाईक जगात मिळणार नव्हते. पौंड उसने घ्यायचे, बँकेला विकायचे, मार्क घेऊन बसायचे. भाव पडला की स्वस्तात पौंड घेऊन उसनवारी फेडायची. बचाव यशस्वी झाला तर नुकसान किरकोळ, फसला तर छप्पर फाडके नफा. सोरोस यांचे नाव गाजले, पण विकणाऱ्यांत मोठमोठ्या बँका, पेन्शन फंड आणि कंपन्याही होत्या.

लॅमॉन्ट यांनी मेजर यांना फोन करून व्याजदर वाढवायची परवानगी मागितली. मेजर तयार होईनात. त्यांच्या हुजूर पक्षाचे हजारो मतदार घरकर्जाच्या हप्त्यांनी पिचलेले होते आणि ब्रिटनमधली बहुतेक घरकर्जे तेव्हा बदलत्या व्याजाची होती.

सकाळी ११

अखेर परवानगी मिळाली. दर १० वरून १२ टक्के. लॅमॉन्ट पडद्यावरच्या आकड्याकडे बघत उभे होते. आकडा हलला नाही. खेळ संपला हे आपल्याला त्याच क्षणी कळले, असे त्यांनी पुढे सांगितले.

भारतीय वाचकाला इथे एक गोष्ट आठवेल. त्याआधी सव्वा वर्ष, जुलै १९९१ मध्ये, आपण रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन केले होते आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारणासाठी मुंबईहून विमानाने रवाना झाले होते, ते याच बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीत. आपल्याकडे त्यावरून केवढे काहूर माजले! पण दिल्लीने नामुष्की पत्करून निर्णय लवकर घेतला. लंडनने सहाच दिवसांपूर्वी ग्लासगोत पंतप्रधानांच्या तोंडून अवमूल्यन हा पळपुटा मार्ग असल्याचे जाहीर केले होते. तिथून मागे कसे फिरायचे?

दुपारी पाऊण

मेजर यांचा मुक्काम ॲडमिरल्टी हाऊसमध्ये होता, कारण १० डाउनिंग स्ट्रीटची डागडुजी चालू होती. गंगाजळी मिनिटामिनिटाला आटत होती आणि लॅमॉन्ट यांना तातडीने ईआरएममधून बाहेर पडायचे होते. मेजर यांनी डग्लस हर्ड, मायकेल हेसेल्टाइन आणि केनेथ क्लार्क या तीन वजनदार, युरोपवादी मंत्र्यांना बोलावून घेतले. उद्या कोणी ‘आम्हाला विचारलेच नव्हते’ म्हणायला नको, हा व्यवहारी विचार त्यामागे होताच. खोलीत बाजारभाव दाखवणारा पडदा नव्हता. आम्हाला रस्त्यावरच्या माणसापेक्षाही कमी माहिती होती, अशा अर्थाचे क्लार्क पुढे बोलले. चर्चा सभ्यपणे, सविस्तर चालली. तेवढा वेळ बँक पौंड घेतच होती.

ठरले असे, की एक शेवटचा प्रयत्न करायचा.

दुपारी सव्वादोन

दर १५ टक्के, दुसऱ्या दिवसापासून. एका दिवसात पाच टक्क्यांची वाढ! देशातल्या घरकर्जदारांच्या पोटात गोळा आला. सटोडियांना मात्र हे घबराटीचे लक्षण वाटले. वर्षाला १५ टक्के म्हणजे दिवसाला ०.०४ टक्के, चार दिवसांत दहा टक्के नफ्याची आशा असताना एवढे व्याज कोण मोजतो? शिवाय मंदीतल्या देशात कोणतेही निवडून आलेले सरकार हा दर फार दिवस ठेवू शकत नाही, हे शेंबडे पोरही जाणत होते. विक्री उलट वाढली.

दुपारी ४

बंधन या वेळेपर्यंतचे होते. बँकेने खरेदी थांबवली आणि पौंड तळ फोडून खाली गेला.

संध्याकाळी ५ नंतर

पुन्हा ॲडमिरल्टी हाऊस, पुन्हा तीच मंडळी. बाहेर पडायचे ठरले. एकतर्फी बाहेर पडण्यापेक्षा सगळी यंत्रणाच तात्पुरती स्थगित व्हावी, अशी ब्रिटनची इच्छा होती. बाकीच्यांनी ती रात्री ब्रसेल्समध्ये मानली नाही.

साडेसातनंतर

अर्थखात्याच्या इमारतीच्या चौकात कॅमेऱ्यांचा गराडा पडला. लॅमॉन्ट यांनी छोटे निवेदन वाचले: सदस्यत्व स्थगित, १५ टक्क्यांचा दर रद्द. मागे उभा दिसणारा त्यांचा पंचविशीतला सल्लागार म्हणजे डेव्हिड कॅमेरून.

बाहेर पडायला कोणाची परवानगी लागली नाही, दंड झाला नाही, खटला झाला नाही. सार्वभौमत्व गमावले म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि ते शाबूत होते म्हणणाऱ्यांनी त्या दिवसाचे बिल बघावे: अर्थखात्याने २००५ मध्ये खुल्या केलेल्या कागदांनुसार सुमारे ३.३ अब्ज पौंड. एकट्या सोरोस यांच्या फंडाचा नफा अब्ज डॉलरच्या घरात गेला.

नंतर

त्याच रात्री लिराही बाहेर पडला, स्पेनच्या पेसेटाचे पाच टक्के अवमूल्यन झाले. गुरुवारी ब्रिटिश व्याजदर परत १० टक्क्यांवर आला आणि जानेवारी १९९३ पर्यंत ६ टक्क्यांवर. अर्थव्यवस्था हळूहळू सावरू लागली. आपण आंघोळ करताना गाणे म्हणत होतो, असे लॅमॉन्ट पत्रकारांना म्हणाले. हे वाक्य त्यांना भोवले आणि मे १९९३ मध्ये मंत्रिपद गेले. हुजूर पक्षाला कारभार कळतो, ही ख्याती मात्र त्या बुधवारी जी गेली ती १९९७ च्या निवडणुकीपर्यंत परतली नाही.

फ्रान्सने त्या रविवारी ५१ टक्क्यांनी होकार दिला. ब्रिटिश संसदेचे सदस्य सुट्टी संपवून चर्चेसाठी जमले ते २४ सप्टेंबरला. नोव्हेंबरमध्ये मास्ट्रिख्तवर कॉमन्स सभागृहात मतदान झाले तेव्हा सरकार ३१९ विरुद्ध ३१६ असे तीन मतांनी तरले. विरोधात मते देणाऱ्या हुजूर खासदारांनी त्या बुधवारचा दाखला पुढची पंचवीस वर्षे दिला, जरी त्या दिवशी त्या तहाचे एकही कलम अमलात आलेले नव्हते.