खाच, कार्ड आणि संकेत

जुन्या संगणकाचे झाकण उघडले की मदरबोर्डावर ओळीने लांबट खाचा दिसतात. बाजारात त्यांना स्लॉट म्हणत आणि त्यांत उभ्या बसणाऱ्या हिरव्या पाट्यांना कार्ड. १९८० आणि १९९० च्या दशकांत संगणक घेणाऱ्यापुढचा खरा प्रश्न असे तो या खाचांत काय बसवावे हा. हा विषय हौशी मंडळींचा आणि दुकानदारांचा. भाषा शिकवणाऱ्या आम्हांला त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण इतकेच की, आपली लिपी संगणकात शिरली ती अशाच एका खाचेतून.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला पीसी बाजारात आणला. त्यात पाच खाचा होत्या. एक पडद्याच्या कार्डाने अडे, दुसरी फ्लॉपीच्या कार्डाने. उरलेल्या तिनांत ज्याने त्याने आपली गरज भागवायची. महत्त्वाचे हे की, यंत्राच्या आतील जोडणीचे आराखडे आयबीएमने छापून प्रसिद्ध केले. त्यामुळे कोणीही त्रयस्थ माणूस या खाचांसाठी कार्ड बनवू शकत होता. जगाच्या कोपऱ्यांतून माणसे आपापली अडचण घेऊन या मोकळ्या जागेकडे आली.

त्यांतील एक होते व्हॅन सुवन्नुकुल. आयबीएमच्या एकरंगी पडद्यावर अक्षरे सुबक उमटत, पण ती २५६ ठराविक चिन्हे कार्डावरील चिपमध्ये कायमची कोरलेली असत. सुवन्नुकुल यांना आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता आणि त्या २५६ घरांत थाईला जागा नव्हती. म्हणून १९८२ मध्ये त्यांनी पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे उजळवणारे कार्ड तयार केले : ७२० आडवे, ३४८ उभे. ‘हर्क्युलिस’ नावाने ते जगभर खपले. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचे थाई मूळ ठाऊकही नव्हते.

ध्वनीची कथा याहून गाजलेली आहे. मूळ पीसीला चिरका ‘बीप’ करण्यापलीकडे आवाज नव्हता. १९८७ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतातून ‘ॲडलिब’ हे कार्ड आले. त्यावरील यामाहाची चिप एका वेळी नऊ स्वर निर्माण करी, परंतु माणसाचा ध्वनिमुद्रित आवाज तिला ऐकवता येत नसे. त्याच सुमारास सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीनेही एक संगीताचे कार्ड काढले. ते ॲडलिबशी जुळणारे नव्हते आणि चालले नाही. त्यातून कंपनी जे शिकली ते १९८९ च्या ‘साउंड ब्लास्टर’मध्ये दिसते. तीच यामाहाची चिप त्यांनी घेतली, म्हणजे ॲडलिबसाठी लिहिलेला प्रत्येक खेळ त्यावर वाजू लागला. शिवाय ध्वनिमुद्रण आले आणि जॉयस्टिकची जोडणीही त्याच कार्डावर आली, त्यामुळे एक खाच वाचली. १९९२ मध्ये ॲडलिब कंपनीचे दिवाळे निघाले.

त्याच वर्षी आलेले ‘ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड’ खऱ्या वाद्यांचे नमुने वाजवी आणि कानाला ते सरस होते. तरी साधा ग्राहक साउंड ब्लास्टरच मागे, किंवा त्याची नक्कल. तेव्हाच्या खेळांना कार्डाचा पत्ता, त्याची आय-आर-क्यू रेषा आणि त्याचा डी-एम-ए मार्ग हे आकडे सांगावे लागत. २२०, ५ आणि १ ही साउंड ब्लास्टरची त्रयी अनेकांना पाढ्यासारखी पाठ असे. जंपर चुकला, दोन कार्डांनी एकच रेषा धरली, की एक मुके होई किंवा दोन्ही. थोडक्यात, कार्ड किती गोड वाजते यापेक्षा ते इतरांशी कोणत्या बोलीत बोलते हे महत्त्वाचे ठरले.

साहित्यविचारात ‘संकेत’ हा शब्द आम्ही नेहमी वापरतो. कवी आणि रसिक यांच्यात न बोलता ठरलेले काही असते, त्याच्या बळावर अर्थ पोचतो. कार्ड निवडणारा माणूसही वस्तूबरोबर एक संकेत निवडत असे. वस्तू झिजते, संकेत सर्वमान्य असला तर तो उरतो. हे आम्हांला पटले ते साउंड कार्डावरून नव्हे, तर ‘जिस्ट’ कार्डावरून.

कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आदींनी देवनागरी संगणकावर काम केले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि तेथे हे तंत्र जिस्ट कार्डाच्या रूपाने पुढे गेले. हे कार्ड खाचेत बसवले की डॉसवरचे डीबेस, लोटस यांसारखे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम मराठी दाखवू लागत. त्यामागील संकेत ‘इस्की’ या नावाने ओळखला जातो. १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. त्यात पहिली १२८ घरे इंग्रजीला तशीच ठेवली होती आणि पुढच्या १२८ घरांत भारतीय लिप्यांची वर्णमाला होती. साठवण उच्चाराच्या क्रमाने होई. ‘क्ष’ला वेगळे घर नव्हते, क, हलन्त आणि ष एवढेच नोंदले जाई, आकार घडवणे हे कार्डाचे काम. ‘कि’मधील वेलांटी दिसायला आधी, पण नोंदीत क नंतरच. आपल्या व्याकरणाची समज त्या पाटीवर उतरली होती.

पुढे विंडोज आले, अक्षरे फाँटमधून काढता येऊ लागली आणि कार्डाची गरज संपली. सोय झाली, पण संकेत सुटला. फाँट बनवणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या सोयीने वर्णांचे नव्हे, तर आकारांचे तुकडे घरांत भरले. वेलांटी आधी, काना वेगळा, अर्धा श तिसरीकडे. तो विशिष्ट फाँट असेल तोवर ते मराठी. नसेल तर रोमन चिन्हांचा कचरा.

काही वर्षांपूर्वी विभागातील कपाटे आवरताना आम्हांला दोन सीडी सापडल्या. एकीवर १९९३ ची ग्रंथयादी होती, जिस्ट कार्ड लावलेल्या संगणकावर टंकलेली. ते कार्ड केव्हाच भंगारात गेले होते. पण युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली असल्याने, वर्णास वर्ण लावणारे छोटे कोष्टक करून ती यादी एका दुपारी वाचता आली. दुसरीवर १९९९ मध्ये विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, एका टंकलेखकाकडून फाँटमध्ये करून घेतलेल्या. फाँट कोणता, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. मूळ वह्यांना वाळवी लागली होती.

१९९७ च्या एसी-९७ या मानकानंतर ध्वनी हळूहळू मदरबोर्डावरच आला. साउंड कार्ड निवडण्याचा प्रश्न बहुतेकांपुरता मिटला. देवनागरीही विंडोज २००० पासून कार्डाविना मिळू लागली. निवड मात्र संपलेली नाही. आजही आम्ही टंकलेला मजकूर कोणत्या संकेतात ठेवतो, हे आम्हीच ठरवतो. त्या ओव्यांची सीडी आम्ही टाकलेली नाही. आकारांच्या पुनरावृत्तीवरून अक्षरे ओळखत आतापर्यंत सुमारे निम्म्या ओव्या लावता आल्या आहेत. ज्यांनी त्या गायल्या, त्यांतल्या फार थोड्या बाया आता हयात आहेत.