भोंगा कुणासाठी?

‘द रेल्वे मेन’ ही मालिका २०२३ मध्ये आली, तेव्हा माझ्या ओळखीतल्या अनेकांनी भोपाळबद्दल पहिल्यांदाच नीट काही पाहिलं. मग ग्रुपवर एकच प्रश्न फिरत राहिला: टाकीत पाणी शिरलं कसं? प्रश्न रास्तच आहे, त्यावर चाळीस वर्षं वाद चालू आहे. मी मात्र त्या रात्रीच्या हकिकती वाचायला लागले आणि अडकले ती भोंग्यापाशी.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र उलटून ३ तारीख लागली होती. साडेबारानंतर युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, सुटायला लागला. एक वाजायच्या आत भोंगा वाजला आणि थोड्याच वेळात बंद केला गेला. किरकोळ गळतीने आसपासची वस्ती घाबरू नये म्हणून तशी पद्धतच पाडलेली होती. आतल्या कामगारांपुरता हळू आवाजाचा इशारा मात्र चालू राहिला. बाहेरच्यांसाठीचा मोठा भोंगा पुन्हा वाजला तो दोनच्या सुमारास. तोवर वायू शहरभर पसरला होता.

आत असलेल्यांनी वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि तो जिकडून येत होता तिकडे पळाले. दारासमोरच्या जेपी नगरातली माणसं खोकत, डोळे चोळत बाहेर आली आणि वायू जात होता त्याच दिशेला पळाली. पळताना माणूस जास्त जोरात श्वास घेतो. एमआयसी पाण्याशी अभिक्रिया करतो, त्यामुळे नाकातोंडावर ओला कपडा धरून बाजूला सरकणं एवढ्यानेही बऱ्याच जणांचा त्रास कमी झाला असता. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात. कारखान्याच्या भिंतीबाहेर ती पाच मिनिटं कुणी कधी दिलीच नव्हती.

पण म्हणून भिंतीच्या आत सगळे तयार होते असं समजू नका. तिथलं ज्ञानही आधीची दोन-तीन वर्षं झिजत चाललं होतं.

सुरुवातीच्या काळात या विभागात विज्ञानाचे पदवीधर घेत, त्यांचं प्रशिक्षण लांबलचक असे, काहींना अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट नावाच्या गावी, कंपनीच्या तशाच कारखान्यात शिकायला पाठवलं गेलं. मग सेविन या कीटकनाशकाची विक्री घसरली, कारखाना तोट्यात गेला आणि काटकसर सुरू झाली. एमआयसी विभागात एका पाळीला १२ माणसं होती, ती ६ वर आली. जुने, जाणते ऑपरेटर सोडून गेले. सहा महिन्यांचं प्रशिक्षण पंधरा दिवसांवर आलं, असं कामगारांनी नंतर सांगितलं. टी. आर. चौहान या तिथल्या माजी ऑपरेटरांनी पुढे पुस्तकच लिहिलं, त्यातही या कपातीची कहाणी आहे. कामाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि त्या सहज वाचू शकणारे थोडे होते.

इशारे मिळाले नाहीत असंही नाही. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन अंगावर उडून एक कामगार गेला. घाबरून त्याने मास्क काढला आणि उरलेला वायू श्वासातून आत गेला, असं सांगतात. मास्क होता, अंगावर रसायन उडाल्यावरही तो काढायचा नाही, ही सवय हाडात मुरवणं राहून गेलं होतं. पुढच्याच महिन्यात आणखी एका गळतीत २४ कामगार रुग्णालयात गेले. मे १९८२ मध्ये अमेरिकेहून कंपनीचंच तपासणी पथक आलं. त्यांच्या अहवालात ऑपरेटर भराभर बदलत असल्याची नोंद आहे. त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून शहराला सावध करत होते. त्यांचं कुणी ऐकलं नाही.

मला सर्वात अस्वस्थ करतो तो डोळ्यांचा भाग. डोळे चुरचुरले की गळती आहे असं समजायचं, ही तिथली रोजची रीत झाली होती. एमआयसीचा वास माणसाला साधारण २ पीपीएमला, म्हणजे दहा लाख भागांत दोन भाग झाले की येतो. कामाच्या जागी चालेल अशी मर्यादा आहे ०.०२. म्हणजे नाकाला कळेपर्यंत मर्यादा शंभरपट ओलांडलेली असते. या चुरचुरीवर इशारा म्हणून विसंबू नये, हे कंपनीच्या तांत्रिक पुस्तिकेतही लिहिलेलं होतं. पण रोज थोडं चुरचुरतं आणि काही होत नाही, हे अनुभवाचं शिक्षण पुस्तिकेपेक्षा पक्कं असतं. त्या रात्री साडेअकराच्या सुमारास डोळ्यांना पाणी आलं, तेव्हा नियंत्रण कक्षात ठरलं की चहा झाल्यावर बघू. चहा साडेबाराच्या आसपास झाला.

आता पाण्याचं. संध्याकाळी पाइप धुवायचं काम चालू होतं. धुण्याआधी पाइपाच्या जोडात धातूची एक चकती बसवायची असते, स्लिप ब्लाइंड, म्हणजे पाणी भलतीकडे जात नाही. ती बसवलेली नव्हती. धुणाऱ्या कामगाराने पुढे सांगितलं की चकती बसवणं त्याच्याकडे नव्हतं, ते देखभाल विभागाचं काम. आणि रात्रपाळीच्या देखभाल सुपरवायझरचं पद काही दिवसांपूर्वीच रद्द झालं होतं. कंपनीला हे मान्य नाही, कुणीतरी मुद्दाम टाकीला होज जोडला असं ती म्हणत आली. कुणाचंही खरं धरलं, तरी टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती आणि वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा पाइप काढून ठेवला होता, हे बदलत नाही. मध्य प्रदेश सरकारने मान्य केलेले मृत्यू ३,७८७. पीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट आकडा सांगतात.

११ ऑगस्ट १९८५ ला, भोपाळला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा त्या इन्स्टिट्यूट गावातच गळती झाली आणि सुमारे १३५ माणसं रुग्णालयात गेली. अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा केला: कारखान्यात काय साठवलंय ते शेजाऱ्यांना कळलंच पाहिजे. त्याच कायद्याच्या दुसऱ्या एका भागातून प्रशिक्षणाचे नियम आले, त्यांना हॅझवॉपर म्हणतात. ते वाचताना मजा वाटली, कारण त्यांची पहिली पायरी म्हणजे काहीही न करणं! ड्रम फुटलेला दिसला तर ओळखा, लांब व्हा, कळवा. बस्स. दुसऱ्या पायरीला किमान आठ तास शिकायचं, मग लांबून बांध घालून सांडलेलं पसरू न देणं एवढंच करायचं. गळणाऱ्या झडपेला हात लावायचा तो तिसऱ्या पायरीच्या माणसाने, किमान २४ तासांच्या प्रशिक्षणानंतर. सिनेमात हिरो धावत जाऊन झडप फिरवतो. या नियमांत तो पहिल्याच पायरीला नापास.

आपल्याकडे १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात नवं प्रकरण आलं. कलम ४१-बी नुसार धोक्याची माहिती कामगारांना आणि परिसरातल्या लोकांनाही द्यायची ठरली. ४१-एच नुसार जिवाला धोका दिसला तर ते वरिष्ठांच्या लक्षात आणून द्यायचा हक्क कामगाराला मिळाला. १९८९ च्या नियमांतून आपत्कालीन आराखडे आले, पुढे त्यांत सरावही आला: कारखान्याच्या आत दर सहा महिन्यांनी, बाहेरच्या वस्तीसह वर्षातून एकदा. म्हणजे कागदावर ती पाच मिनिटं भिंतीबाहेर पोचली.

रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर मी एका एमआयडीसीतल्या कारखान्यात आठ महिने लॅबमध्ये होते. ठेकेदाराकडून आलेल्या मुलांचं प्रशिक्षण म्हणजे गेटजवळच्या खोलीत वीस मिनिटांचा इंग्रजी व्हिडिओ, मग रजिस्टरवर सही. सहीची जागा आधीच फुलीने दाखवलेली. मुलं बिहारची, ओडिशाची. सुरक्षेची माहितीपत्रकं कपाटात, कपाटाला कुलूप. मॉक ड्रिलची वेळ फळ्यावर लिहिलेली असायची, त्यामुळे भोंगा वाजायच्या आधीच सगळे मैदानात हजर. त्या दिवशी वडापाव असायचा.

खरं शिकवायचे ते एक जुने ऑपरेटर. आम्ही त्यांना काका म्हणायचो. नवा मुलगा आला की ते त्याला यार्डात नेऊन छपरावरच्या विंडसॉककडे बोट दाखवायचे. “ती पिशवी फुगून कुठं चाललीय बघ. वास आला की पिशवीचं शेपूट जिकडं, तिकडं जायचं नाही. बाकीचं उद्या.” दुसऱ्या दिवशी ते तोंडी परीक्षा घ्यायचे, मोडक्यातोडक्या हिंदीत. हे त्यांच्या कामात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कुणी घेतलं का, हे विचारायला मी तिथे नव्हते. भिंतीपलीकडच्या चाळीतल्या लोकांना विंडसॉक दिसायचा खरा. काही जणांना ती विमानांसाठीची खूण वाटायची.

७ मे २०२० च्या पहाटे, लॉकडाऊनमध्ये, विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली. आर. आर. वेंकटापुरममधली माणसं झोपेतून उठून पळाली, काही रस्त्यातच कोसळली. १२ जण गेले. आंध्र सरकारने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने तपासलं, तेव्हा कळलं की त्या कारखान्यात भोंगा सुरू करायच्या ३६ जागा होत्या, त्यातली एक गेटवरच. त्या पहाटे भोंगा वाजवला गेला नव्हता.