डिजिटल पियानो व कीबोर्ड (घरगुती), कोल्हापूर

घरी शिकण्यासाठी आणि वाजवण्यासाठी घेतले जाणारे, विजेवर चालणारे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे वाद्य. बोलीत त्याला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात. कॅसिओ कंपनीने १९८० साली ‘कॅसिओटोन २०१’ हे आपले पहिले असे वाद्य बाजारात आणले. पुढे कंपनीचे नाव वस्तूलाच चिकटले आणि ‘मुलगी कॅसिओ शिकते’ हे वाक्य घरोघरी रुळले. या एका नावाखाली प्रत्यक्षात दोन वेगळी वाद्ये येतात. कीबोर्ड हलका असतो, बहुधा ६१ पट्ट्यांचा, आत ताल आणि शेकडो आवाज भरलेला. डिजिटल पियानोला खऱ्या पियानोइतक्याच ८८ पट्ट्या असतात आणि त्या दाबताना आतल्या छोट्या हातोड्यांचे वजन बोटाला जाणवते. खरेदीतल्या बहुतेक चुका हा फरक लक्षात न घेतल्याने होतात.

पेटीचे घर. कोल्हापूरकरांचा कान पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, तयार झालेला आहे. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) या शहराचे. पेटीला साथीपलीकडचा मान मिळवून देणाऱ्या वादकांत त्यांचे नाव अग्रभागी येते. ‘मानापमान’ (१९११) या नाटकाच्या चाली त्यांच्या, आणि प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) चे संगीतही त्यांचेच. १८८३ साली स्थापन झालेला गायन समाज देवल क्लब आजही शहरात उभा आहे. भजन, नाट्यगीत, भावगीत हे सगळे इथे पेटीवर बसवले जाते. त्यामुळे घरात कीबोर्ड येतो तो बहुधा पेटीच्या शेजारी किंवा तिच्या जागी येतो. निवडीचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा.

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यावर असतो. वीस वर्षे उत्तम पेटी वाजवलेल्या माणसाच्याही डाव्या हाताच्या बोटांनी पट्टी क्वचितच दाबलेली असते. कीबोर्डवर हा हात मोकळा होतो आणि खरे शिक्षण त्याच्यापासून सुरू होते. दुसरा फरक स्पर्शाचा. पेटीची पट्टी हळू दाबा वा जोरात, आवाज भात्याच्या हवेवर ठरतो. पियानोत तो बोटाच्या जोरावर ठरतो आणि पट्टी दाबून धरली तरी सूर आपोआप विरत जातो. म्हणून शिकण्यासाठी घ्यायच्या वाद्यात स्पर्शसंवेदन, म्हणजे जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा होण्याची सोय, हवीच. ती नसलेल्या वाद्यावर दोन वर्षे शिकलेल्या मुलाला पियानोसमोर बसवले की त्याचा प्रत्येक सूर सारखाच आपटतो, आणि ही सवय मोडायला फार वेळ जातो.

स्वस्त मालात नेमकी हीच सोय गाळलेली असते. यामाहाच्या पीएसआर-एफ५२ मध्ये ती नाही. कॅसिओचे सीटी-एस२०० आणि सीटी-एस३०० दिसायला जुळ्या भावांसारखे, पण स्पर्शसंवेदन दुसऱ्यातच आहे. खोक्यावर ‘४०० आवाज’ असे ठळक छापलेले असते आणि हा फरक मात्र माहितीपत्रकात शोधावा लागतो. आवाजांच्या आकड्याकडे पाहू नये. शिकणारा त्यांतले चार-पाच वापरतो.

दुकानातली परीक्षा. आधी वाद्य बंद ठेवून पट्ट्या दाबाव्यात. खडखड होते का, पट्टी बाजूला हलते का, पूर्ण वर येते का, हे आवाज सुरू असताना कळत नाही. मग पियानोचा आवाज लावून एकच पट्टी अलगद, मध्यम आणि जोरात दाबावी. तीन वेगळे आवाज आले पाहिजेत. पंजा पसरून षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत अंतर पाहावे. पियानोवर ते सुमारे साडेसोळा सेंटिमीटर असते. बारक्या पट्ट्यांच्या वाद्यावर हाताला चुकीचे माप बसते, म्हणून शिक्षणासाठी ते टाळावेच. शेवटी पेडल दाबून एकामागून एक बरेच सूर वाजवावेत आणि पहिले सूर मधेच तुटतात का ते ऐकावे. एकाच वेळी किती सूर वाजू शकतात ही मर्यादा काही साध्या वाद्यांत ३२ असते, ८८ पट्ट्यांच्या वाद्यांत ६४ किंवा अधिक.

पट्टी आणि गांधार. मराठीत ‘पट्टी’ म्हणजे बोटाखालची कळ आणि गळ्याचा आधारस्वरही. गुरुजी ‘काळी एक’ मध्ये गात असतील तर कीबोर्डवर ट्रान्स्पोझचे बटण एकदा दाबून पांढरी एकवरून वाजवता येते. साथीला ही सोय उत्तम, शिकायला घातक. बोट पांढरी एकवर आणि कानात काळी एक, अशी फारकत मुलाला लागली की पुढे काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाणाऱ्या मुलीला साथ करताना ते अडते. पहिली दोन वर्षे ते बटण बंद ठेवावे आणि सगळ्या पट्ट्यांतून अलंकार घोटून घ्यावेत.

सप्तकाचे बारा समान भाग पाडून जुळवलेल्या या वाद्यांचा शुद्ध गांधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो. हा फरक अर्ध्या स्वरांतराच्या सुमारे सातव्या भागाएवढा, पण रियाज केलेल्या कानाला लगेच खटकणारा. शिवाय मींड पट्ट्यांवर निघत नाही. अशाच आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीन दशके टिकली. काही कीबोर्डांत एकेक स्वर थोडा उतरवण्याची सोय असते. रागसंगीत शिकणाऱ्याने ती विचारून घ्यावी. तरीही गळा तानपुऱ्यावरच तयार करावा.

किंमत आणि मुक्काम. भजन, सुगम संगीत, शाळेचे कार्यक्रम यांसाठी पूर्ण आकाराचा, स्पर्शसंवेदन असलेला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरेसा आहे. तो साधारण दहा ते वीस हजारांत येतो. पियानोच शिकायचा असेल, ट्रिनिटी या संस्थेच्या पियानो परीक्षांना बसायचे असेल, तर यामाहा पी-१४५, रोलँड एफपी-१० किंवा कॅसिओ सीडीपी-एस११० या वर्गातले वाद्य घ्यावे. त्यांची किंमत बहुधा चाळीस हजारांच्या वर जाते. ट्रिनिटीत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे वेगळे विषय आहेत, म्हणून शिक्षकांना विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. स्टँड, पेडल, हेडफोन यांचा खर्च आधीच धरावा. टेबलावर ठेवून वाजवले की खांदे वर चढतात.

कोल्हापूरच्या पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. दमट हवेत पेटीचे सूर बिघडतात, तसा कीबोर्ड सुरातून उतरत नाही, पण पट्ट्यांखालचे संपर्क दमट हवेने आणि धुळीने खराब होतात. वाजवून झाल्यावर कापड टाकावे, भिंतीला लावून ठेवू नये. वीज गेली तर अनेक कीबोर्ड पेन्सिल सेलवर चालतात. डिजिटल पियानोला सहसा ही सोय नसते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेचे पाणी जिथे घरांत शिरले, त्या शाहूपुरी कुंभार गल्लीसारख्या भागात तळमजल्यावर राहणाऱ्याने वजनही पाहावे. चार-पाच किलोचा कीबोर्ड बगलेत मारून एकटा माणूस माडीवर नेतो. सव्वाशे सेंटिमीटरहून लांब, अकरा-बारा किलोचा डिजिटल पियानो स्टँडवरून सोडवून जिन्याने चढवायला दोघे लागतात.