वेदनेच्या यंत्राने उचललेले पाऊल

मज्जारज्जूला इजा होऊन लुळे पडलेले पाय विजेने हलवण्याच्या उपचाराचे मूळ सहसा गॅल्व्हानीच्या बेडकात शोधले जाते. चालताना लोंबणारे पाऊल लिबरसन यांनी १९६१ मध्ये नसेला विद्युतस्पंद देऊन उचलले, ते याच घराण्यातले. मज्जारज्जूच्या आवरणावर बसणारे आजचे इलेक्ट्रोड मात्र या घराण्यातले नाहीत. त्यांचा जन्म वेदनाशमनात झाला.

स्पर्शाचे जाड तंतू चेतवले की वेदनेची वाट मज्जारज्जूतच अडते, असे मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले. त्या आधारे नॉर्मन शीली यांनी १९६७ मध्ये एका कर्करुग्णाच्या मज्जारज्जूवर पाठीकडून इलेक्ट्रोड बसवला. पुढे १९७३ मध्ये कुक आणि वाइनस्टाइन यांनी विलक्षण नोंद केली: मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाला वेदनेसाठी बसवलेल्या उपकरणाने त्याच्या ऐच्छिक हालचालीही सुधारल्या. खरा सांधा इथेच जुळतो.

यावर, मूळ मज्जारज्जूच्या स्वतःच्या लयीत शोधणाऱ्या प्रतिपक्षाचा दाखला ग्रॅहम ब्राउन यांच्या १९११ च्या मांजरांचा. मेंदूशी संबंध तुटलेला मज्जारज्जूही पावलांची लय निर्माण करतो, हे त्यांनी दाखवले होते. दिमित्रियेविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये कमरेकडच्या भागाला उत्तेजन देऊन पूर्ण इजा झालेल्या माणसांच्या पायांत तशीच लय उठवली. उत्तेजनाची जागा या परंपरेने दिली, हे मान्यच. तरीही तंतू वेदनावाल्यांचेच! हे उत्तेजन स्नायूंना थेट हलवत नाही. पाठीकडून आत शिरणारे जाड संवेदी तंतू ते चेतवते. त्यातून मज्जारज्जूतली मंडले सजग होतात आणि इजेतून वाचलेला मेंदूचा क्षीण संदेशही मग पुरतो. वेदना थोपवण्यासाठी निवडलेली पाठीकडची बाजू चालण्यासाठीही नेमकी ठरली.

१९७३ ते १९९८ ही मधली पंचवीस वर्षे बहुधा वेदनातज्ज्ञांच्या प्रश्नावलीत हरवली. दुखणे किती कमी झाले, एवढेच विचारले जात असेल, तर पायाचे बोट हलल्याची नोंद होणार कशी?

लुईव्हिलमध्ये सुझन हार्केमा यांच्या गटाने वेदनेसाठी बनलेलेच सोळा इलेक्ट्रोडांचे उपकरण २३ वर्षांच्या तरुणाला बसवले. तो स्वतःचे वजन पेलत उभा राहिला. सात महिन्यांनंतर उत्तेजन चालू असताना पाय मनाने हलवू लागला. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. लोझानच्या कूर्तीन आणि ब्लोख यांच्या गटाने २०२२ मध्ये पाय आणि धड यांच्या मज्जामुळांच्या मापाने घडवलेली इलेक्ट्रोड-पट्टी वापरली. वेदनेसाठी घडवलेल्या उसन्या पट्टीची गरज तिथे उरली नाही.