डोलकाठी : एका झाडाची आणि त्याच्या मालकाची गोष्ट

मनमाडला, घाटावर, समुद्रापासून इतक्या लांब बसून जहाजाच्या डोलकाठीवर काय बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. पण टेबलावरचं हे लाकडी मॉडेल बघा. आपल्या गावाशी त्याचा संबंध आहे, तो शेवटी सांगतो.

शिडाच्या मोठ्या जहाजाची खालची डोलकाठी किती जाड असावी? इंग्रजी गोदीत ठोकताळा होता: लांबीच्या दर यार्डाला एक इंच व्यास. म्हणजे नव्वद फुटी काठीला तीस इंच. आमचं मॉडेल अठ्ठेचाळिसास एक या प्रमाणाचं, म्हणून ते साडेबावीस इंच लांब आणि पाच अष्टमांश इंच जाड आहे.

आता तीस इंच जाडीचं, सरळ, गाठी नसलेलं झाड आणायचं कुठून? ते मिळेना म्हणून जोडकाठी आली. मधे एक गाभा, भोवती तासून बसवलेले तुकडे, ते सरकू नयेत म्हणून आतून खुंट्या, बाहेरून दोराचे वेढे आणि लोखंडी कडी. कडं तापवून चढवायचं, गार झालं की ते आवळतं. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात ना, अगदी तसंच.

अखंड झाडासाठी मात्र राज्यकर्त्यांनी काय काय केलं! १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत, खासगी मालकीत न गेलेल्या जमिनीवरची चोवीस इंच किंवा त्याहून जाड झाडं इंग्लंडच्या राजासाठी राखली गेली. पुढे कायदे कडक झाले, लोक चिडले, आणि १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये पाइन वृक्षांवरून दंगा झाला. आपल्याकडे मलबारात कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांना जंगलांचे संरक्षक नेमलं. सागावर कंपनीचा हक्क बसला, जमीनमालक आणि व्यापारी नाराज झाले, आणि १८२३ मध्ये मन्रोच्या काळात ते पद बंद झालं. याच काळात मलबारी सागाची जहाजं मुंबईत बांधली जात होती. वाडियांच्या हाताखाली बांधलेलं आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे.

या दोन्ही गोष्टींच्या शेजारी आपण रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र ठेवू. काळ १७१५ च्या सुमाराचा. आरमाराला फळ्या लागतात, डोलाच्या काठ्या लागतात, हे अमात्यांना पक्कं ठाऊक आहे. ते म्हणतात, अरण्यातला साग हुजूरची परवानगी घेऊन तोडावा, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा, फणस उपयोगी असले तरी त्यांना हात लावू नये. का? ही झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती पोरासारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेलं झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मगच तोडावं. जबरदस्ती नको.

सगळीकडे हे पाळलं गेलं, असा दावा आम्ही करत नाही. आज्ञा करावी लागते, याचाच अर्थ उलटं घडण्याची भीती होती. पण आरमाराची गरज आणि रयतेचं झाड एकाच कागदावर मांडून, दोघांत तोल साधायचा प्रयत्न इथे दिसतो. आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो.

आता मनमाड. आपल्या रेल्वे वर्कशॉपात पुलांचे गर्डर तयार होतात. पोलादी पट्ट्या जोडून मोठी तुळई उभी करायची. एवढा मोठा अखंड तुकडा मिळत नाही, म्हणून लहान तुकडे नीट आवळायचे. जोडकाठीची युक्ती हीच. फरक इतकाच, की पोलाद भट्टीतून येतं आणि डोलकाठी कुणाच्या तरी रानातून येत होती. मॉडेल हातात घेऊन बघा, कड्यांवर बोट फिरवा. मग प्रश्नांकडे वळू.