अळी सरावत नाही, निवडली जाते

बीटी कापूस खाऊन खाऊन गुलाबी बोंडअळी त्यातल्या विषाला सरावली, हा समज कापूस पट्ट्यात घट्ट रुजला आहे. कृषी सेवा केंद्रात, बांधावरच्या गप्पांत, शेतीविषयक लेखांतही तो भेटतो. तो निरुपद्रवी असता तर सोडून देता आला असता. पण त्यातून निघणारा सल्ला, म्हणजे मात्रा वाढवा आणि दोन-तीन औषधे मिसळून मारा, शेतकऱ्याच्या खिशावर आणि जिवावर बेततो. म्हणून त्याचे खंडन आवश्यक आहे.

पूर्वपक्षाचे म्हणणे असे. 2002 साली बीटी कापूस आला तेव्हा अळी मरत होती. 2010 मध्ये गुजरातेत ती पहिल्या पिढीच्या बीटीवर जगत असल्याचे जाहीर झाले. 2017 मध्ये तर दोन विषारी प्रथिने असलेल्या बीटीवरही तिने विदर्भात हाहाकार माजवला. बदल हळूहळू झाला, अर्थात अळी सरावत गेली. शिवाय थोडे विष पोटात गेले की ते निकामी करणारी विकरे किडीच्या शरीरात वाढतात, हेही खरे. पण विकरांची ही वाढ तात्पुरती असते. शेतभर पसरून पिढ्यान्पिढ्या टिकणाऱ्या प्रतिकाराचा उलगडा तिने होत नाही.

या प्रश्नाचा निर्णायक प्रयोग 1960 मध्ये बेनेट यांनी फळमाश्यांवर प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडीच्या पिल्लांपैकी काहींवर त्यांनी डीडीटीचा प्रयोग केला, बाकीची भावंडे विषापासून दूर ठेवली. ज्या घराण्यातली भावंडे जास्त तगली, त्याच घराण्यातल्या विष न पाहिलेल्या माश्यांपासून पुढची पिढी घेतली. असे पिढ्यान्पिढ्या केल्यावर डीडीटीला दाद न देणाऱ्या माश्या तयार झाल्या, आणि त्यांच्या थेट पूर्वजांपैकी एकालाही डीडीटीचा स्पर्श झालेला नव्हता. जे विष कधी भेटलेच नाही त्याचा सराव कसा होईल? प्रतिकार करणारी जनुके आधीपासूनच होती. निवडीने फक्त त्यांचे प्रमाण वाढवले.

बोंडअळीत हे जनुक कोणते, तेही ठाऊक आहे. बीटीचे क्राय1एसी हे प्रथिन अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, आतड्याच्या पेशींना भोके पडतात आणि अळी मरते. प्रतिकारक अळीत कॅडहेरिनचे जनुकच बिघडलेले असते. विषाला चिकटायला जागा उरत नाही. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांत या एका जनुकाचे आठ वेगवेगळे बिघाड सापडले, आणि ते अमेरिकेतल्या अळ्यांत आधी आढळलेल्या बिघाडांहून निराळे होते. सरावाने अंगी आलेली ताकद अशी दिसत नाही. हे योगायोगाने झालेले बिघाड आहेत आणि बीटीच्या शेतात तेच जीव वाचवणारे ठरले.

मग प्रतिकार पहिल्याच वर्षी का दिसला नाही? कारण हा गुण अप्रभावी आहे: आई आणि बाप दोघांकडून बिघडलेले जनुक मिळाले तरच अळी वाचते. समजा, असे जनुक हजारात एक आहे. तर दोन्ही जनुके बिघडलेली अळी दहा लाखांत एक निघेल. तिचा पतंग साध्या पतंगाशी जुळला तर संतती बीटीवर मरते. शेजारी बिगर-बीटी कपाशीच नसेल तर मात्र वाचलेल्याला वाचलेलाच जोडीदार मिळतो, आणि दर पिढीत प्रतिकारकांचा वाटा वाढतो.

अ‍ॅरिझोनाचा अनुभव याला दुजोरा देतो. तिथल्या शेतांतून 1997 मध्ये आणलेल्या अळ्यांतून प्रयोगशाळेत प्रतिकारक वाण निघाला, म्हणजे जनुक शेतात होते. तरीही शेतात प्रतिकार पसरला नाही, कारण शेतकऱ्यांनी बिगर-बीटी कपाशीचे आश्रय-पट्टे राखले. पुढे 2006 पासून वांझ पतंग सोडण्यात आले आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून ही कीड हद्दपार झाल्याचे जाहीर झाले.

आपल्याकडे 450 ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणे मिळे; ते बहुतेक ठिकाणी पेरलेच गेले नाही. पण सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ते कशासाठी आहे हे त्याला किती जणांनी नीट समजावले? शिवाय आपले बीटी वाण संकरित. त्यांच्या एकाच बोंडात काही सरकीत विष असते, काहीत नसते. त्यामुळे एकच बिघडलेले जनुक असलेल्या अळीलाही जगायची संधी मिळते. त्यात फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभे ठेवले, की अळीला महिनोन्‌महिने अन्न मिळत राहते.

किडके बोंड फोडून पाहा. आत अळी सरकी पोखरत बसलेली असते आणि ती शिरली ते छिद्र बुजलेले असते. मात्रा दुप्पट केली तरी फवारा तिथवर पोहोचत नाही. त्याने वाया जातो तो पैसा, मरतात ते मित्रकीटक, आणि 2017 च्या त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने माणसेही दगावली.

म्हणून सल्ला देणाऱ्यांनी आता सरावाची भाषा सोडावी. शेतकऱ्यांनी बिगर-बीटीच्या ओळी लावाव्यात, कामगंध सापळे लावावेत, डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली फुले) वेचून नष्ट कराव्यात आणि फरदड टाळून डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे. प्रतिकारक जनुक आपण नाहीसे करू शकत नाही. ते दुर्मीळ ठेवणे मात्र आपल्या हातात आहे.